काळीतलं पूर्वमुखी घर

आमच्या लेआउटला लागून जे जुनं गाव आहे, तिथे दोन घरांच्या मध्ये हात घालायलाही जागा नाही. एकाचं सांडपाणी दुसऱ्याच्या ओट्याखालून जातं. बैलगाडी वळवायची असली तर देवळापर्यंत जाऊन यावं लागतं. आणि या दाटीच्या चारही बाजूंना, नजर पोहोचेल तिथवर, मोकळी शेतं. उमरेडच्या रस्त्यावरून आत वळून पहिल्यांदा ही जागा पाहायला आलो, तेव्हा मला हसू आलं होतं. मी म्हटलं, "एवढं रान मोकळं पडलं आहे, अन् हे लोक डब्यातल्या पोळ्यांसारखे एकमेकावर काहून बसले आहेत?"

माझ्यासोबत माझी मैत्रीण होती. तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "चाल, बस निघून जाईन."

आम्ही दोघी एकाच ऑफिसात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. ती नरखेड तालुक्यातली, संत्र्याच्या बगिच्याच्या घरची. मी नागपूरच्या जुन्या वस्तीतली. माती म्हणजे कुंडीत असते ती, एवढंच मला ठाऊक. डबा दोघींचा एकत्र. तिच्या मुलीला ताप आला की तिच्या फायली मी उरकायची, माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा रात्रीचा डबा तिच्या घरून यायचा. ऑफिसातल्या लोकांनी सोसायटी काढून शेत विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा आम्ही दोघींनी एकाच दिवशी नाव दिलं.

मी प्रत्येक कामाची यादी करते. भाजीपासून बाळंतविड्यापर्यंत. जागेचीही केली होती. बसथांबा किती लांब, शाळा कुठे, दवाखाना, दळणाची गिरणी, विजेचा खांब, विहिरीचं पाणी गोड की मचूळ, आणि प्लॉटचं तोंड पूर्वेला आहे की नाही. सगळ्यांपुढे खूण झाली. सोसायटीने जो नकाशा वाटला, तो चौकोनी खणांच्या वहीच्या पानासारखा होता. प्लॉट, रस्ते, एका कडेला गाव, दुसऱ्या कडेला नाला. गावाकडून नाल्याकडे जमीन उतरत जाते हे त्यात कुठेच नव्हतं. डोळ्यालाही ते पटकन कळत नाही. सायकलवर बसलं तर कळतं.

प्लॉट कोणाला कोणता, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. कँटीनमध्ये स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, आणि काढायला आमच्यातले सगळ्यात जुने बाबू. माझ्या नावावर आला वरच्या ओळीतला, गावाला अगदी चिकटून असलेला प्लॉट. पश्चिमेकडे तोंड आणि बाजूला कोणाचा तरी गोठा. मैत्रिणीच्या नावावर खालचा, नाल्याकडचा. कॉर्नर, पूर्वमुखी, दोन बाजूंनी रस्ता, समोर पळसाची झाडं. सगळे तिचं अभिनंदन करत होते. मी पण केलं. घरी आल्यावर मात्र मी भांडी जरा जोरातच घासली.

चार-पाच दिवसांनी आम्ही बर्डीच्या बाजारात ब्लाउजपीस घ्यायला गेलो. दुकानदार रंग दाखवत होता. ती कापडावरून नजर न उचलता म्हणाली, "तुले गोठ्याचा वास सहन होणार नाही. तू घेऊन घे माहा प्लॉट. बदलून टाकू."

"काहीतरीच काय बोलते! कॉर्नर आहे तुहा."

"मंग काय झालं? मी तं गोठ्यातच वाढली. मले वासाशिवाय झोप येत नाही." दुकानदारही हसला. ती म्हणाली, "भाऊ, हा मोरपंखी दाखवा. अन् हिले रुमाल द्या, रडून राहिली पाहा."

मी खरंच रडत होते. भर दुकानात, लोकांसमोर.

सोसायटीने अदलाबदल मान्य केली. त्यानंतर किती वर्षं मी त्या उपकाराखाली वागले, ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट तिच्याकडे. मार्चअखेरचं तिचं काम माझ्याकडे, तिने न मागता. माझ्या मुली मोठ्या झाल्या त्या हेच ऐकत, की मावशीने स्वतःचा कॉर्नर आपल्याला दिला. नातेवाइकांत कोणी मैत्रीवर बोलायला लागलं की मी ही गोष्ट सांगायची. माझी ती ठरलेली गोष्ट होती.

घर बांधायला काढलं तेव्हा ठेकेदाराने पायासाठी खणायला सुरुवात केली. काळी माती निघत राहिली. माणूस खड्ड्यात पूर्ण दिसेनासा झाला तरी काळीच. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, खाली सगळी काळीच आहे. पाया थोडा वाढवून घेऊ." घेतला वाढवून. थोडा. त्याच महिन्यात वर मैत्रिणीच्या घराचंही खोदकाम चालू होतं. तिथे गुडघाभर खणलं की कुदळ खणकन वाजायची. मुरूम लागला होता. मजूर वैतागले होते, आणि मला तिची कीव आली होती. बिचारीला खोदकामालाच किती त्रास!

वास्तुशांतीला ती पहिल्या पंगतीत होती. तिने घरभर फिरून पाहिलं, खिडक्या उघडून पाहिल्या. "राणीसारखी राहाय," म्हणाली.

पहिल्याच उन्हाळ्यात अंगण फाटलं. काळी जमीन तापली की उकलते, हे मी शाळेत शिकले होते. आपल्या अंगणात ते कसं दिसतं ते पाहिलं नव्हतं. धाकटीची चप्पल भेगेत गेली, ती चिमट्याने काढावी लागली. पावसाळा आला तशी जमीन फुगली, भेगा मिटल्या आणि दारं चौकटीत घट्ट बसायला लागली. पुन्हा उन्हाळा, पुन्हा पावसाळा. जमीन श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती आणि वर आमचं घर. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, छतापर्यंत गेली. मग स्वयंपाकघरात. मग आतल्या खोलीत. कंपाउंडची भिंत नाल्याकडे झुकली. पावसाचं पाणी वरच्या सगळ्या रस्त्यांवरून घरंगळत आमच्या फाटकाशी येऊन थांबायचं.

दर वेळी ती यायची. भेगेवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "भेगा तं सगळ्याच घराले पडतात वं. पुट्टी मार." पुट्टीवाला तिच्याच ओळखीचा.

या दरम्यान वरच्या ओळी भरल्या. एकमजली घरं दुमजली झाली, गच्चीवर खोल्या चढल्या, खाली किराणा, शिलाई, मोबाइल रिचार्ज. भाडेकरू आले. दोन घरांमधलं अंतर कमी होत होत लेआउटचं वरचं टोक आणि जुनं गाव एक झाले. आता तिथे नवं कोणतं आणि जुनं कोणतं, हे फक्त पोस्टमनला सांगता येतं. खालच्या ओळीत मात्र घर एकटं आमचंच. बाकीच्यांनी प्लॉट तसेच ठेवले, काहींनी विकून टाकले, काहींच्या जागेत तुरी उभ्या राहतात. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "किती मोकळं आहे तुमच्याकडे! वरती तर श्वास घ्यायला जागा नाही." मला बरं वाटायचं. एवढी वर्षं मी त्या मोकळेपणाचा अभिमान बाळगला. शेजारी का येत नाहीत, हा प्रश्न मी एकदाही कोणत्याच यादीत लिहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा ठरला. आदल्या दिवशी मी सकाळपासून तिच्याकडे होते. स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होते. बाहेर हॉलमध्ये तिचा धाकटा भाऊ, नरखेडहून आलेला. त्याला मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात जागा घ्यायची होती. तो सकाळी लेआउट फिरून आला होता.

"ताई, खाली नाल्याजवळ प्लॉट रिकामे पडले आहेत. पूर्वमुखी आहे. भाव पण कमी सांगून राहिले."

"आंधळा झाला का तू? बाबाजवळ येवढी वर्षं राहून काय शिकला?"

"काहून?"

"गाव कुठं बसलं आहे थे पाय ना आधी. चारही अंगानं रान मोकळं असून लोक एकमेकाच्या उरावर राहून राहिले. त्यायले काय हौस आहे? तेवढ्यातच मुरूम आहे, बहादूर. थे पांढरी आहे, घराची जागा. बाकी सारी काळी. काळीत कापूस घेते माणूस, घर नाही बांधत. तिथं तं आपलं संत्र्याचं झाड जगणार नाही, मुळाशी पाणी धरून डिंक्या रोग लागन."

"मंग तुह्या नशिबात बरा आला मुरमाचा नंबर."

ती हसली. तिचं हसू मी हजारांत ओळखेन. "नशिबात कायले येते? बदलून घेतला मी."

"कोणापासून?"

"चूप बस. थे किचनमधी आहे."

मेथीची जुडी माझ्या हातात होती. मी ती निवडली. मग दुसरी घेतली, तीही निवडली. देठ वेगळे, पानं वेगळी, माती वेगळी. हात आपलं काम करत होते आणि डोक्यात एकच चित्र होतं. पहिल्या दिवशी, जागा पाहायला आलो होतो त्या दुपारी, तिने नाल्याकडच्या भागातलं ढेकूळ उचललं होतं. बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, बोटांत चोळून त्याची वात वळली, ती कुठवर तुटत नाही ते पाहिलं. मग हात धुतला, झाकण लावलं आणि मला म्हणाली, चाल, बस निघून जाईन. मला वाटलं होतं, शेतकऱ्याची पोर, मातीशी खेळते आहे.

तिला त्या दिवशीच माहीत होतं. चिठ्ठ्या निघायच्या आधीपासून.

साखरपुडा मी पार पाडला. ओटी भरली, पंगत वाढली, उरलेलं भरून ठेवलं. जे काम घेतलं ते अर्धवट टाकायची मला सवय नाही. चौथ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना, वरच्या रस्त्यावर, मी तिला सरळ विचारलं.

"तुले माहीत होतं का, खाली काळी आहे म्हणून?"

तिने चाल कमी केली नाही. "ऐकलं वाटते तू."

"माहीत होतं का?"

"हाव. होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं. कंटाळा होता. एवढी जुनी गोष्ट आज काढायची, असा.

"सांगतलं असतं तं तू देला असता का बदलून?"

मी चालायला लागले, ती मागोमाग आली.

"अन् मी काय खोटं बोलली का? तुले कॉर्नर पाहिजे होता, देला. पूर्व पाहिजे होती, देली. तू तं चार-पाच दिवस गोठ्याच्या नावानं नाक मुरडून राहिली होती. तू मातीचं विचारलंच नाही कधी."

"तू माह्या वास्तूले पहिल्या पंगतीत जेवली."

"मंग काय उपाशी राहू का?" ती म्हणाली, आणि सवयीने हसली. मी हसले नाही म्हटल्यावर तिचं हसू थांबलं. मग जरा खालच्या आवाजात, "मले दोन पोरी होत्या वं. आम्ही जन्मात एकच घर बांधू शकत होतो. पडलं असतं तं दुसरं नव्हतं."

मलाही दोन मुली होत्या. आमच्याकडेही दुसरं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही; ती मोजण्यात चुकलेली नव्हती. तिने माझ्या मुलीही मोजल्या होत्या.

त्या दिवसानंतर मी शहराकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. मेट्रोतून जाताना खिडकीशी बसते. आधी उंच, खडकाळ भागातले बंगले दिसतात, झाडं, मध्ये भरपूर अंतर. मग नदी जिकडे वाहत जाते तिकडे गल्ल्या अरुंद होत जातात, घरं एकमेकांना टेकतात. प्रत्येक ठिकाणी मला वाटतं, इथे आधी कोण आलं असेल, कोणाला निवडता आलं असेल, आणि कोणाला कोणीतरी प्रेमाने म्हणालं असेल, घे, तुझ्यासाठी हीच चांगली आहे. जन्म या शहरात गेला आणि उतार कुठून कुठे आहे हे मला पन्नाशीनंतर कळलं.

घराचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. घर दाखवायला बोलावलेल्या इंजिनिअरने सांगितलं, दुरुस्तीने भागणार नाही. एक तर खालून खोल आधार द्या, नाही तर सोडा. नवऱ्याचं मत सोपं होतं. "पुट्टी मारू, रंग देऊ, विकून टाकू. लोक पूर्वमुखी कॉर्नर म्हटलं की डोळे मिटून घेतात."

"मी घेतला तसा," मी म्हटलं.

त्याने तरी रंगारी बोलावला. रंग लागला. उन्हाळा अजून दूर होता, जमीन ओलसर, भेगा मिटलेल्या. घर वास्तुशांतीच्या दिवशी दिसत होतं तसं दिसायला लागलं.

फेब्रुवारीत एजंटसोबत एक जोडपं आलं. जरीपटक्याला एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहणारे. खाली दिवसभर बाजार, वर लहान बाळ. जोडप्यातली मुलगी अंगणात उभी राहिली, हात पसरून गोल फिरली आणि नवऱ्याला म्हणाली, "ऐकता का, इथं आवाजच नाही!" मग मला विचारलं, "काकू, आजूबाजूले कोणीच कसं नाही? आमच्याकडे तं बाल्कनीत कपडे वाळत घातले की शेजाऱ्याच्या ताटात पाणी पडते."

माझा नवरा म्हणाला, "हळूहळू होतील घरं. शांत लोकॅलिटी आहे."

तिने होकायंत्र उघडलेला मोबाइल हातात धरून उंबरठ्यावर उभं राहून पाहिलं. पूर्व अगदी बरोबर निघाली. ती इतकी खूश झाली की मला तिचा चेहरा पाहवेना. बर्डीच्या त्या दुकानात माझा चेहरा असाच झाला असणार, आणि समोर उभी असलेली माझी मैत्रीण तो पाहत असणार. तिने तो पाहिला आणि तरी मोरपंखी कापड मागितलं.

मी म्हटलं, "बाळा, इथे घरं नाहीत कारण ही काळी आहे. घर हलतं. हा रंग मागच्या महिन्याचा आहे, त्याच्याखाली भेगा आहेत. मे महिन्यात ये, तुला दाखवते. तुम्हाला इथे घ्यायचंच असेल तर वरच्या बाजूला बघा, गावाजवळ. तिथे मुरूम आहे."

तिचा हात खाली आला. तिच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. माझा नवरा भिंतीकडे पाहत होता. जाताना मुलीने मला वाकून नमस्कार केला, तो का केला हे तिलाही नीट कळलं नसावं.

तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "मंग आता खोल आधाराचं विचारून घेतो." एवढंच. आम्ही इथेच राहणार हे अशा रीतीने ठरलं.

पण बातमी लेआउटभर झाली. एजंट त्या जोडप्यासोबत आला होता, त्याने सगळीकडे सांगितलं. आणि इतक्या महिन्यांनी मैत्रीण उतार उतरून आमच्या फाटकाशी आली. मी ओसरीत तांदूळ निवडत होते. ती आत आली, नेहमीच्या खुर्चीत बसली, आणि मी वर पाहण्याआधीच सुरू झाली.

"तुले काही अक्कल आहे का वं? सगळ्या लेआउटचा भाव पाडला तू. लोक आता वरही येऊन विचारून राहिले, इथं काळी आहे का म्हणून. माह्या पोरीचं लग्न तोंडावर आहे. घराच्या बाजूचा अर्धा प्लॉट विकाचा होता आम्हाले, थो माणूस मागं हटला. एवढ्या वर्षांची मैत्रीण तू, मले एकदा विचारता नाही आलं? असं कोणी करते का आपल्या माणसासंग?"

ती मनापासून बोलत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला खरंच वाटत होतं की मी तिला फसवलं.

मी तांदळातला खडा बाजूला काढला. "तुह्या जागेले काही झालं नाही. विकाचा असंन तं विक. लोकायले सांग, वर मुरूम आहे."

"सांगीन वं. पण मंग थे विचारतीन ना, खाली काय आहे?"

"खाली मी आहे म्हणून सांग."

आत कुकरची शिट्टी झाली. या घरात ती आली आणि मी चहा ठेवायला उठले नाही, असं कधी झालं नव्हतं. तिने पदर सावरला, स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मी सुपातले तांदूळ पाखडत राहिले. मग ती उठली, चपला घातल्या आणि चढाने वर निघाली.